आंतडें गेलें, वारसा राहिला

शौचावाटे रक्त पडलें कीं आमच्या घरांतून त्यास एकच नांव दिलें जातें : मूळव्याध. वडील मंडळी सुरणाची भाजी आणि ताजें ताक सुचवितात, तिखट वर्ज्य करण्यास सांगतात, आणि लाजेचें दुखणें म्हणून विषय तेथेंच मिटतो. सुरणाला संस्कृतांत ‘अर्शोघ्न’ असेंच नांव आहे, तेव्हां या उपचारामागें परंपरा नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. आणि पुष्कळ प्रसंगीं तें निदान बरोबरहि ठरतें. परंतु ज्या घरांत आजोबा चाळिशीच्या सुमारास ‘पोटाच्या विकारानें’ गेले, पुढें एक चुलते तसेच गेले, आणि आतां अठरा वर्षांच्या नातवास रक्त पडूं लागलें आहे, त्या घरानें सुरणावर विसंबून राहणें म्हणजे घरास आग लागली असतां पंचांग उघडून बसण्यासारखें आहे.

सुश्रुतसंहितेंत रोगांची जी वर्गवारी केली आहे तींत ‘आदिबलप्रवृत्त’ म्हणून एक वर्ग आहे. मातापित्यांच्या शुक्रशोणितांतील दोषांबरोबर अपत्यांत उतरणारे ते हे रोग. त्यांचीं उदाहरणें म्हणून कुष्ठ व अर्श हीं नांवें घेतलीं आहेत, आणि मातृज व पितृज असे त्यांचे दोन भेदहि केले आहेत. कुष्ठाविषयींचें हें मत आतां टिकलेलें नाहीं. तो जंतूंपासून होणारा व औषधानें पूर्ण बरा होणारा रोग आहे. ज्या विकाराविषयीं आज लिहावयाचें आहे तो अर्शहि नव्हे. प्राचीनांना तो ठाऊक होता असा दावा मी करणार नाहीं. असे दावे आपल्याकडे आधींच फार होतात. मात्र आईकडून काय आलें आणि बापाकडून काय आलें हें वैद्यानें विचारलें पाहिजे, ही जी दृष्टि त्या वर्गवारींत आहे, ती येथें अक्षरशः उपयोगीं पडते.

या विकाराचें डॉक्टरी नांव फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस असें लांबलचक आहे. व्यवहारांत त्यास नुसतें ‘एफ्‌एपी’ म्हणतात. पॉलिप म्हणजे आंतड्याच्या आंतल्या अस्तरावर उगवणारा मांसाचा कोंब. उतारवयांत एखाददुसरा कोंब पुष्कळांना येतो. येथें मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या वयापासून मोठ्या आंतड्यांत शेंकडों, कित्येकदां हजारों कोंब उगवतात. प्रत्येक कोंब कर्करोग होतोच असें नाहीं. पण हजार कोंबांपैकीं एकानें जरी वाट सोडली तरी पुरे. म्हणूनच उपचार न केल्यास अशा मनुष्याला मोठ्या आंतड्याचा कर्करोग होणें जवळ जवळ निश्चित असतें, आणि तें सरासरी चाळिशीच्या आंतच. हा विकार सुमारें १०,००० जन्मांमागें एकास होतो. विरळा खरा, पण ज्या घरीं आहे त्या घरीं तो मुळींच विरळा नसतो.

इंग्लंडांतील सेंट मार्क्स रुग्णालयांतले शल्यवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनीं १९२५ सालीं अशा तीन कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास तेथें अशा कुटुंबांची नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला, आणि शंभर वर्षें होत आलीं तरी ती चालू आहे. कोणाचा मुलगा कोण, कोण कितव्या वर्षीं कशानें वारला, कोणावर कोणती शस्त्रक्रिया झाली, हें पिढ्यानपिढ्या लिहून ठेवल्यामुळेंच या रोगाचें बहुतेक ज्ञान झालें. या रोगाचें मूळ ज्या जनुकांत आहे त्याचा शोध पुढें १९९१ सालीं अमेरिकेंतल्या व जपानांतल्या संशोधकांनीं लावला. पांचव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील या जनुकास ‘एपीसी’ म्हणतात. पेशींच्या वाढीला वेळींच लगाम घालणें हें त्याचें काम.

तीन भावांचें एक एकत्र कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. वडिलांना हा विकार होता. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. वडिलांची एक प्रत बिघडलेली, दुसरी निर्दोष. प्रत्येक अपत्याला या दोहोंपैकीं एकच मिळावयाची, म्हणून प्रत्येकाच्या बाबतींत शक्यता निम्मी. हा निम्मेपणा दर खेपेस नव्यानें मोजावयाचा असतो. थोरल्याला रोग आला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब येथें नाहीं. तिन्ही भावांना येऊं शकतो, एकालाहि न येऊं शकतो. मुलगा व मुलगी हा भेद तो करीत नाहीं, तेव्हां सासरीं गेलेल्या आत्याची मुलें या हिशेबाबाहेर राहत नाहींत. आणि ज्याला निर्दोष प्रत मिळाली, त्याच्या मुलाबाळांत हा वारसा पुढें उतरत नाहीं. एक पिढी लपून दुसऱ्या पिढींत उगवणें हें याचें लक्षण नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सुमारें चौथाई रोग्यांच्या आईबापांत हा दोष नसतोच. तो त्यांच्यांतच प्रथम उत्पन्न होतो. म्हणून ‘आमच्या घराण्यांत असें कधीं झालें नाहीं’ हें वाक्य येथें ढालीसारखें वापरतां येत नाहीं.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे कर्करोग होण्यापूर्वींच मोठें आंतडें काढून टाकणें. ही शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची आहे. एकींत गुदाशय राखून लहान आंतड्याचें टोंक त्यास जोडतात. दुसरींत गुदाशयहि काढतात आणि लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी शिवून ती खालीं जोडतात. ही रीत सेंट मार्क्सच्याच पार्क्स व निकल्स यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केली. पहिलींत शौचाची सोय बरी राहते व स्त्रियांच्या मातृत्वास बाध कमी येतो. दुसरींत कोंबांना जागा कमी उरते. गुदाशयांत कोंब किती आहेत यावर निवड बरीचशी अवलंबून असते.

शस्त्रक्रिया पार पडते, रोगी घरीं येतो, पहिले कांहीं महिने शौचास वारंवार जावें लागण्याचा त्रास होतो, मग तोहि अंगवळणीं पडतो. घरांत सत्यनारायण होतो. आणि येथेंच ती चुकीची समजूत रुजते कीं रोग मुळासकट गेला. गेलें तें आंतडें. बिघडलेली प्रत शरीराच्या प्रत्येक पेशींत पूर्वींसारखीच आहे.

राखलेल्या गुदाशयांत, आणि शिवलेल्या पिशवींतहि, नवे कोंब येतात. म्हणून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें सहा महिन्यांनीं, वर्षानें किंवा दोन वर्षांनीं दुर्बिणीनें आंत पाहावें लागतें, तें आयुष्यभर. जठरापुढें लहान आंतड्याचा जो पहिला भाग लागतो, ज्यास ड्युओडिनम म्हणतात, तेथेंहि बहुतेकांना कालांतरानें कोंब येतात, आणि शेंकडा पांचांच्या आसपास रोग्यांत तेथें कर्करोग होतो. तेव्हां विशी-पंचविशीपासून तोंडावाटे दुर्बीण घालून तोहि भाग पाहत राहावयाचा. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोगहि, विशेषतः स्त्रियांत, या लोकांत थोडा अधिक आढळतो. हे तिन्ही धोके नियमित तपासणीनें बहुधा वेळींच हातीं सांपडतात. चौथा धोका निराळ्या जातीचा आहे, आणि आमच्या घरांतून त्याचें नांवहि कोणास ठाऊक नसतें.

त्याचें नांव डेस्मॉइड. जर्मन शास्त्रज्ञ म्यूलर यांनीं १८३८ सालीं हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ‘डेस्मॉस’ म्हणजे बंध किंवा पट्टा. गांठ कापून पाहिली असतां ती स्नायुबंधासारखी चिवट व पांढुरकी दिसते, म्हणून हें नांव. ही गांठ कर्करोगाप्रमाणें दूरच्या अवयवांत बीजें पेरीत नाहीं. यकृतांत नाहीं, फुप्फुसांत नाहीं. ‘मग भय कसलें?’ असें वाचक विचारील. भय हें कीं ती जेथें असते तेथें वडाच्या पारंब्यांसारखी आजूबाजूच्या भागांत शिरते. या रोग्यांत तिची आवडती जागा म्हणजे आंतड्यांना धरून ठेवणारा पडदा. याच पडद्यांतून लहान आंतड्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या जातात. गांठ त्यांस वेढते, आंतडें आवळतें, कधीं मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड सुजतें. दुसरी जागा म्हणजे पोटाची भिंत, आणि तीहि पुष्कळदां टांक्यांच्या व्रणाजवळ.

सर्वसामान्य लोकांत डेस्मॉइड फार विरळ. दर दहा लक्ष लोकांत वर्षाकाठीं दोन ते चारांना होते. एफ्‌एपीच्या रोग्यांत मात्र शेंकडा १० ते १५ जणांना, कांहीं गणनांत त्याहूनहि अधिकांना, ती होते. म्हणजे प्रमाण शेंकडों पटींनीं अधिक. आणि त्यांतील पुष्कळ गांठी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसूं लागतात. आंतडें वेळींच काढल्यामुळें मोठ्या आंतड्याचा कर्करोग टळला, हा केवढा तरी लाभ. पण त्यानंतर या रोग्यांच्या मृत्यूच्या कारणांत डेस्मॉइड व ड्युओडिनमचा कर्करोग हीं दोन नांवें वर आलीं.

असें कां व्हावें? जखम झाली कीं ती भरून काढण्यासाठीं शरीर तंतुमय पेशींना हांक मारतें. त्या धांवून येतात, वाढतात, जखम सांधतात, आणि काम संपलें कीं थांबतात. थांबविण्याच्या कामीं एपीसी जनुकाचा मोठा भाग असतो. ‘बीटा-कॅटेनिन’ नांवाचें वाढीचा आदेश देणारें जें द्रव्य आहे, त्याचा निचरा तें करवितें. या रोग्याच्या पेशींत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. वाढीच्या धांदलींत एखाद्या पेशींतील दुसरीहि प्रत बिघडली कीं त्या पेशीला थांबा म्हणणारें कोणी उरत नाहीं. वाड्याची भिंत बांधून झाली, मुकादम निघून गेला, आणि गवंडी मात्र विटा रचीतच बसले, अशी ती स्थिति. पोट उघडणें ही मोठीच जखम. म्हणून शस्त्रक्रियेचा आणि या गांठीचा संबंध येतो. पोट कधींहि न उघडलेल्यांनाहि ती क्वचित् होते, हेंहि सांगितलें पाहिजे.

सर्वांना हा धोका सारखा नसतो. एपीसी जनुकापासून २,८४३ अमिनो आम्लांची एक लांब सांखळी तयार होते. तिच्यांतील सुमारें १,४४४ व्या स्थानापलीकडे, म्हणजे उत्तरार्धांत, ज्यांचा दोष आहे त्यांना डेस्मॉइडचें भय बरेंच अधिक. एखाद्या श्लोकाच्या पहिल्या चरणांतील चूक आणि तिसऱ्या चरणांतील चूक यांनीं अर्थाची हानि निरनिराळी होते, हें विद्यार्थ्यांना शिकवितांना मीं पुष्कळदां अनुभविलें आहे, येथेंहि तसेंच. रक्ताच्या नात्यांतील कोणास अशी गांठ झाली असेल तरीहि भय वाढतें. स्त्रियांत प्रमाण कांहींसें अधिक दिसतें. यूटा येथील एल्डन गार्डनर यांनीं १९५० नंतरच्या वर्षांत अशीं कुटुंबें वर्णिलीं कीं ज्यांत आंतड्यांतील कोंबांबरोबर जबड्याच्या वा कवटीच्या हाडावर उंचवटे, त्वचेखालीं गांठी आणि या तंतुमय गांठी एकत्र येतात. म्हणून रोग्याच्या जबड्यावर टेंगूळ आहे काय, जादा दांत आहेत काय, असे प्रश्न डॉक्टर विचारूं लागले तर ते विषयांतर करीत आहेत असें समजूं नये.

शस्त्रक्रियेनंतर पोटांत टणक गोळा हातास लागणें, जेवल्यावर पोट फुगून वांती होणें, कमरेकडून कळ येणें, टांक्यांपाशीं न दुखणारी गांठ वाढणें, यांपैकीं कांहींहि झालें तर ‘टांका आंतून ओढतो आहे’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. सी.टी. स्कॅन किंवा एम्‌आर्‌आय काढल्यावर उलगडा होतो.

आणि मग घरांतील कर्ता पुरुष जो प्रश्न प्रथम विचारतो तो हा : ‘कापून काढा कीं!’ सुश्रुतांनींहि सांगून ठेविलें आहे कीं अर्बुदाचा अंश मागें राहिला तर तें पुन्हा उद्भवतें. तेव्हां समूळ काढावें हें कोणासहि सुचेल. पण पडद्यांतल्या डेस्मॉइडच्या बाबतींत हाच उपाय फसवा आहे. रक्तवाहिन्यांना वेढलेली गांठ काढावयाची तर लहान आंतड्याचाच मोठा भाग जातो, आणि अन्न पचविण्यास पुरेसें आंतडें उरत नाहीं. शिवाय नवें पोट उघडणें म्हणजे नवी जखम, आणि नव्या जखमेंत नवी गांठ. म्हणून पोटांतील गांठीवर शस्त्र शक्यतों शेवटीं. पोटाच्या भिंतींतील गांठीची गोष्ट निराळी. ती गरज पडल्यास काढतां येते.

पहिला उपचार बहुधा केवळ लक्ष ठेवण्याचा असतो, आणि तो नातेवाइकांना सर्वांत कठीण जातो. डॉक्टर स्वस्थ बसले आहेत असें वाटतें. परंतु जाणकारांचा एक ढोबळ हिशेब असा आहे : दहांतील एक गांठ आपोआप विरते, तीन कमीजास्त होत राहतात, पांच जशाच्या तशा राहतात, आणि एकच झपाट्यानें वाढते. ती दहावी कोणती हें पहिल्या दिवशीं कळत नाहीं. म्हणून कांहीं महिन्यांच्या अंतरानें पुन्हा पुन्हा मोजमाप घ्यावयाचें. वाढतच असेल तर औषधें आहेत. सुलिंडॅकसारखीं दाहशामक व टॅमॉक्सिफेनसारखीं स्त्रीसंप्रेरकाला अडविणारीं औषधें पुष्कळ वर्षें वापरांत आहेत; त्यांपुढें कर्करोगाच्या शिरेंतून देण्याच्या औषधांचा सौम्य क्रम. २०१८ सालीं सोराफेनिब या गोळीची परीक्षा प्रसिद्ध झाली : ८७ रोग्यांत, दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८१ जणांचा रोग पुढें सरकला नव्हता, खोटी गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ३६. नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंत निरोगॅसेस्टॅट हें खास याच गांठीसाठींचें पहिलें औषध मान्य झालें. त्यानें तरुण स्त्रियांच्या बीजकोशांच्या कार्यांत व्यत्यय येऊं शकतो, हें घेण्यापूर्वींच विचारून ठेवावें. पथ्यानें किंवा काढ्यानें ही गांठ विरल्याच्या कथा कोणी सांगेल, तेव्हां दहांतील ती आपोआप विरणारी एक गांठ आठवावी.

आतां खरा पेंच पाहा. शस्त्रक्रिया न करावी तर कर्करोग. करावी तर, कांहीं घराण्यांत तरी, गांठीला आमंत्रण. विशींतल्या मुलीच्या आत्याला शस्त्रक्रियेनंतर डेस्मॉइड झालेली आहे, मुलीचा दोष जनुकाच्या उत्तरार्धांत आहे, आणि तिचे कोंब अजून थोडे व लहान आहेत. अशा वेळीं जाणते शल्यवैद्य घाई करीत नाहींत. दर वर्षीं दुर्बिणीनें पाहून, मोठे कोंब दुर्बिणीवाटेंच काढून, पोट उघडण्याची वेळ सुरक्षितपणें जितकी पुढें ढकलतां येईल तितकी ढकलतात. हा निर्णय योग्य रीतीनें व्हावयाचा तर डॉक्टरांना आत्याची हकीकत ठाऊक असली पाहिजे. आणि आमच्या घरांतून नेमकी आत्याचीच हकीकत दडविली जाते.

आपल्या प्रांतांत या विचारपुशीची सोय आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं झालें. तेथील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली, आणि १९५२ सालीं निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे तेच पहिले संचालक. लोकांच्या चालीरीति व कर्करोग यांची सांगड घालून पाहणारे ते आपल्यांतले थोर विद्वान्. त्या संशोधनसंस्थेचा विस्तार २००२ सालीं खाडी ओलांडून नवी मुंबईंत खारघर येथें आला. तिला आतां ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. आनुवंशिक कर्करोग असलेल्या कुटुंबांची विचारपूस आणि जनुकतपासणी टाटा स्मारक केंद्रांत होते. तेथें प्रथम कागदावर वंशवृक्ष काढतात. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ, रोग झालेला तो काळा भरलेला. ज्यांना घराण्याची माहिती आहे त्यांचें काम तेथें निम्मे होतें. ज्यांना नाहीं ते ‘पोटाच्या विकारानें’ एवढेंच सांगून गप्प बसतात.

खरें पाहतां वंशावळ ठेवण्याच्या बाबतींत आमच्या समाजाएवढा हौशी समाज विरळा. कुलवृत्तांत छापून निघाले, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचीं नांवें सांपडतात, गोत्र-प्रवर तोंडपाठ असतात. पण त्या जाडजूड ग्रंथांतून कोण इंजिनिअर झाला व कोणास किती पगार होता हें मिळतें. कोण कशानें वारला हें बहुधा मिळत नाहीं. माझें तर असें मत आहे कीं कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तींत मृत्यूचें कारण व त्या वेळचें वय यांचा एक रकाना असावा, आणि तो छापावयाचा नसेल तर निदान घरांत हस्तलिखित असावा.

न सांगण्याचें कारण सर्वांस ठाऊक आहे : मुलींचीं लग्नें. मनुस्मृतींतहि ज्या कुळांशीं शरीरसंबंध करूं नये म्हणून सांगितलें त्यांत अर्शाचें कूळ आहे, आणि ती भीति अजून आमच्या रक्तांत आहे. परंतु दडविल्यानें वर सांगितलेली निम्मी शक्यता चतकोर होत नाहीं. उलट, घराण्यांतील नेमका दोष एकदां एका रोग्याच्या रक्तांत सांपडला कीं इतरांची परीक्षा अगदीं निश्चित होते, आणि सरासरीनें निम्मीं भावंडें कायमचीं मोकळीं होतात. ज्या मुलीला तो दोष नाहीं असें रक्तावरून ठरलें, तिला या रोगापायीं दुर्बीणहि नको, दरसालची धास्तीहि नको, आणि तिच्या स्थळाच्या वेळीं दडविण्यासारखेंहि कांहीं नाहीं. ही मोकळीक आजवर आपण किती मुलींना मिळूं दिली नाहीं, याचा विचार घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं करावा. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या चुलतभावालाहि एक पत्र गेलेंच पाहिजे. रक्ताचें नातें समुद्र ओलांडल्यानें तुटत नाहीं.

मुलांची परीक्षा साधारणतः दहा ते बारा वर्षांच्या वयांत करतात. त्यापूर्वीं बहुधा कोंब येत नाहींत, आणि कळून करावयाचें असें कांहीं नसतें. मुलाला काय सांगावें हा आईबापांचा प्रश्न असतो. दुर्बीण कशासाठीं, हें त्या वयाच्या मुलास सोप्या शब्दांत समजतें, आणि न सांगतां इस्पितळांत नेलें तर तें अधिक भितें, एवढें मी माझ्या वर्गांतील अनुभवावरून सांगूं शकतों. कोंब लहान असतील तर मोठी शस्त्रक्रिया सहसा सोळा ते विशी-बाविशीच्या दरम्यान करतात, आणि दिवस ठरवितांना डॉक्टर शाळा-कॉलेजचें वेळापत्रकहि विचारांत घेतात. म्हणून मुलाची दहावी किंवा बारावी केव्हां आहे, मोठी सुटी कोणत्या महिन्यांत लागते, हें आईनें पहिल्याच भेटींत विचारावयास संकोचूं नये. त्या तारखा वंशवृक्षाच्याच कागदावर एका कोपऱ्यांत लिहून न्याव्या.